संगणकाचा जुना एसएमपीएस प्रयोगाच्या टेबलावर

संगणकाच्या जुन्या कॅबिनेटमधून काढलेल्या एसएमपीएसवर, म्हणजे भिंतीतली वीज कमी व्होल्टेजला उतरवून संगणकाला देणाऱ्या डब्यावर, ‘१२ व्होल्ट, १८ अँपिअर’ असे काहीसे छापलेले असते. हा डबा घरच्या प्रयोगांना वीज द्यायला वापरू पाहणारा, इलेक्ट्रॉनिक्सच्या नादाला नव्याने लागलेला माणूस ते वाचून हमखास विचारतो की, माझ्या सर्किटला अर्धा अँपिअरसुद्धा लागत नाही, मग हे १८ अँपिअर त्यात शिरून ते जाळून टाकणार नाहीत का? प्रश्न भाबडा वाटला तरी भाबडा नाही. त्याचे उत्तर दोन भागांत द्यावे लागते, आणि बहुतेक जण पहिला भाग सांगून थांबतात.

पहिला भाग असा की व्होल्टेज पुरवठा ठरवतो आणि करंट सर्किट ठरवते. इमारतीच्या गच्चीवरची टाकी १०,००० लिटरची असली म्हणून तिसऱ्या मजल्यावरच्या मोरीतला नळ फुटत नाही. नळ जेवढा उघडावा तेवढेच पाणी येते. त्याचप्रमाणे १२ व्होल्टवर चालणारा छोटा पंखा ०.२ अँपिअर घेणारा असेल, तर १८ अँपिअर देऊ शकणाऱ्या पुरवठ्यावरही तो ०.२ अँपिअरच घेतो. छापलेला आकडा ही देण्याची कमाल क्षमता आहे, सक्ती नव्हे.

दुसरा भाग नळ तुटल्यावरचा आहे. टाकी लहान असती तर थोडे पाणी सांडून ती रिकामी झाली असती. मोठ्या टाकीने घर भरते. एसएमपीएसच्या आत शॉर्ट-सर्किटपासून संरक्षण असते हे खरे, पण ते स्वतःला आणि संगणकाला वाचवण्यासाठी बेतलेले असते, आणि एखाद्या ओळीवरचा, म्हणजे १२ किंवा ५ व्होल्टसारख्या एका पुरवठ्यावरचा, करंट छापील मर्यादेच्याही वर गेल्याखेरीज ते सहसा जागे होत नाही. तुमच्या सर्किटमधून चुकीने १० अँपिअर वाहू लागले, तर एसएमपीएसच्या लेखी तो नेहमीचाच कामाचा दिवस असतो. ब्रेडबोर्डच्या, म्हणजे सोल्डर न करता पार्ट खोचून सर्किट जोडायच्या पाटीच्या, आतल्या पत्र्याच्या पट्ट्या जेमतेम १ अँपिअर सोसतात. माझ्या पहिल्या प्रयोगात एका ट्रान्झिस्टरचे पाय उलटे बसले, आणि एसएमपीएसने कुरकुरही न करता एवढा करंट दिला की ब्रेडबोर्डचे प्लास्टिक वितळून वायर त्यात रुतून बसली. प्रयोगशाळेतला खरा बेंच सप्लाय, म्हणजे प्रयोगांसाठीच बनवलेला वीजपुरवठा, ठरवून दिलेल्या करंटवर थांबतो, कारण त्याला थांबण्याची मर्यादा आपण घालून दिलेली असते. एसएमपीएसला ती मर्यादा आपण बाहेरून घालायची असते. या लेखात जे पुढे आहे त्यातले बरेचसे याच एका कामाचा तपशील आहे.

इंटेलने १९९५ साली एटीएक्स ही रचना आणली आणि तेव्हापासून घरगुती संगणकांच्या एसएमपीएसच्या वायरींचे रंग जवळजवळ एकसारखे राहिले आहेत. पिवळी वायर १२ व्होल्ट, लाल ५ व्होल्ट, नारिंगी ३.३ व्होल्ट आणि काळी ग्राउंड. निळी वायर उणे १२ व्होल्टची असते, पण तिच्यावर अर्ध्या अँपिअरच्या आसपास किंवा त्याहून कमीच मिळते. जांभळी वायर स्टँडबायची असते. मुख्य पुरवठा बंद असतानाही तिच्यावर ५ व्होल्ट हजर असतात, आणि जुन्या युनिटमध्ये त्यातून साधारण १ ते २ अँपिअर घेता येतात. राखाडी वायर ‘सगळे व्होल्टेज स्थिरावले’ असा निरोप मदरबोर्डला देते. हिरवी वायर म्हणजे चालू-बंद करण्याची कळ. ती आतून ५ व्होल्टकडे ओढलेली असते आणि काळ्या वायरीला टेकवली की एसएमपीएस सुरू होतो. संगणकाच्या पुढचे बटण दाबल्यावर मदरबोर्ड हेच करत असतो.

यात एक बारीक खोच आहे, जी वायरी कापून झाल्यावरच लक्षात येते. मोठ्या कनेक्टरच्या एका पिनमध्ये नारिंगी वायरीच्या जोडीला आणखी एक बारीक वायर आलेली दिसते, बहुधा तपकिरी, कधी कधी नारिंगीच. तिच्यातून एसएमपीएस ३.३ व्होल्ट दुसऱ्या टोकाला खरोखर किती पोहोचले ते मोजतो. ती मोकळी राहिली तर काही युनिट सुरूच होत नाहीत, आणि माणूस चांगला एसएमपीएस भंगारात देऊन मोकळा होतो. वायरी कापायच्याच असतील तर ती नारिंगीला जोडलेलीच ठेवावी.

खरे तर कापू नये, असे माझे मत आहे. २४ पिनांचा कनेक्टर जसाच्या तसा खोचता येईल असा ब्रेकआउट बोर्ड मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे पाटीवरच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, विचारल्यास मिळतो. त्यावर प्रत्येक व्होल्टेजसाठी वेगळे टर्मिनल आणि चालू-बंदचे बटण असते. काही बोर्डांवर फ्यूजही बसवलेले असतात. जुने २० पिनांचे कनेक्टरही त्यातल्या अनेकांवर एका बाजूने बसतात. एसएमपीएस बिघडला की दुसरा खोचायचा आणि काम पुढे न्यायचे, ही सोय कॅबिनेटला भोके पाडून टर्मिनल बसवण्यात नाही. शिवाय भोके पाडायची तर डबा उघडावा लागतो, आणि डबा उघडण्याचे कारणच उरू नये हे उत्तम.

त्याचे कारण डब्याच्या आत आहे. घरातला २३० व्होल्टचा पुरवठा आत शिरताच आधी सरळ डीसीत बदलला जातो आणि तो साधारण ३२५ व्होल्ट होतो, कारण २३० हा एसीचा परिणामी (आरएमएस) आकडा आहे, शिखर त्याच्या १.४१ पट असते. हे ३२५ व्होल्ट मोठ्या कॅपॅसिटरांत साठतात. मग दोन ट्रान्झिस्टर त्याची सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून चिरफाड करतात आणि छोट्याशा ट्रान्सफॉर्मरमधून ते कमी व्होल्टेजला उतरवतात. ट्रान्सफॉर्मर मुठीएवढा असतो तो या वेगामुळेच. ५० हर्ट्झवर तेवढीच वीज उतरवायची तर काही किलो लोखंड आणि तांबे लागले असते. मात्र हिरवी वायर मोकळी असून पंखा थांबलेला असला तरी प्लग खोचलेला असेपर्यंत स्टँडबायसाठी ते ३२५ व्होल्ट आत खडे असतात. प्लग काढल्यावरही ते थोडा वेळ टिकतात, आणि चार्ज काढून टाकणारा रेझिस्टर जळालेला असेल तर बराच वेळ टिकतात. आतल्या ॲल्युमिनियमच्या हीट सिंकपैकी, म्हणजे उष्णता ओढून घेणाऱ्या पट्ट्यांपैकी, काहींवर थेट मेन्सचा, म्हणजे भिंतीतल्या विजेचा, करंट असू शकतो. त्यामुळे ज्याने अशा सर्किटवर आधी कोणाच्या देखरेखीखाली काम केलेले नाही, त्याने स्क्रूला हात लावू नये.

भंगारातून किंवा माळ्यावरून आणलेला एसएमपीएस लगेच प्लगमध्ये खोचणे मात्र उतावीळपणाचे आहे. मुंबईची दमट, खारट हवा चार पावसाळे खाऊन झालेल्या युनिटमध्ये काय घडवते हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना सांगायला नको: पंख्याच्या जाळीतून आत गेलेली धूळ ओल धरते, झुरळांना ती ऊब आवडते आणि पालीचा सांगाडा सापडणे ही काही अपूर्वाई नव्हे. आधी युनिट हलवून पाहावे. आत काही खडखडत असेल तर तो सुटलेला स्क्रू असू शकतो. जाळीतून टॉर्च मारून कॅपॅसिटरांची डोकी पाहावीत. ती सपाट असायला हवीत, फुगलेली किंवा चिकट तपकिरी स्राव आलेली नकोत. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत सदोष इलेक्ट्रोलाइटचे कॅपॅसिटर बाजारात मोठ्या प्रमाणावर आले होते, त्यामुळे त्या काळातल्या युनिटकडे अधिक संशयाने पाहिलेले बरे. जळका वास येत असेल तर पुढे जाऊ नये.

पाठीमागे लाल रंगाची ११५/२३० अशी सरकती कळ असेल तर तिच्याकडे आधी पाहावे. आपल्याकडे ती २३० वरच हवी. ११५ ची बाजू अमेरिकेसारख्या देशांसाठी असते आणि तिथे आतले सर्किट व्होल्टेज दुप्पट करते. मुंबईच्या पुरवठ्यावर ती कळ चुकून सरकली तर प्रत्येकी २०० व्होल्टच्या दोन कॅपॅसिटरांवर प्रत्येकी ३२५ व्होल्ट येतात, आणि पुढचा आवाज शेजाऱ्यांनाही ऐकू जातो. २३० वर ठेवून वरून चिकटपट्टी लावली की घरातल्या लहान मुलांची काळजी मिटते.

आता अर्थिंग. हा भाग लोक कंटाळून सोडून देतात, पण मुंबईच्या जुन्या घरांत तो सर्वांत महत्त्वाचा आहे. एसएमपीएसमध्ये मेन्स शिरते तिथे गोंगाट गाळण्यासाठी दोन छोटे कॅपॅसिटर असतात: एक फेजपासून डब्याच्या पत्र्यापर्यंत, दुसरा न्यूट्रलपासून पत्र्यापर्यंत. भिंतीतली अर्थ वायर ठीक असेल तर त्यांच्यातून येणारा अत्यल्प करंट जमिनीत निघून जातो. पण जुन्या चाळींत थ्री-पिन सॉकेटच्या मोठ्या भोकामागे कधी कधी वायरच नसते. अशा वेळी पत्रा फेज आणि न्यूट्रलच्या मधोमध, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास, तरंगत राहतो. करंट मिलिअँपिअरच्या अंशाएवढा असल्याने हाताला फक्त झिणझिण्या येतात, आणि लोक त्याला ‘थोडा करंट मारतो’ म्हणून सोडून देतात. पण एसएमपीएसच्या सगळ्या काळ्या वायरी या पत्र्यालाच जोडलेल्या असतात, म्हणजे तुमचे अख्खे सर्किट ११५ व्होल्टवर तरंगत असते, आणि त्याला लॅपटॉपची यूएसबी वायर जोडण्याच्या क्षणी त्या दोघांमधली जी पहिली नाजूक चिप असेल ती त्याची किंमत मोजते. त्याहून गंभीर म्हणजे आतले इन्सुलेशन खरोखर बिघडले, तर फ्यूज उडवण्यासाठी वाटच उरत नाही आणि पत्रा पूर्ण २३० व्होल्टवर राहतो. ज्या सॉकेटवर प्रयोग करणार ते आधी वायरमनकडून तपासून घ्यावे. फेज आणि अर्थ यांच्यात २३० च्या आसपास आणि न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात जेमतेम काही व्होल्ट दिसायला हवेत. अर्थ नसलेल्या घरात हा उद्योग करू नये, असे मी स्पष्टच लिहितो.

काळ्या वायरी अर्थशी जोडलेल्या असण्याचा आणखी एक परिणाम होतो. दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून व्होल्टेज दुप्पट करता येते तसे दोन एसएमपीएसचे करता येत नाही, कारण दोघांची उणे टोके भिंतीतल्या अर्थमधून आधीच एकमेकांना जोडलेली असतात. तशी जोडणी केली तर एकाचे अधिक टोक सरळ शॉर्ट होते. २४ व्होल्ट हवेच असतील तर पिवळी आणि निळी वायर यांच्यात ते मिळतात, पण निळीच्या तुटपुंज्या मर्यादेतच.

पहिली चाचणी घेताना मल्टीमीटर लावावा आणि थोडा भारही, म्हणजे करंट घेणारे काहीतरी, लावावा. १२ व्होल्टवर ११.४ ते १२.६, ५ व्होल्टवर ४.७५ ते ५.२५ आणि ३.३ वर साधारण ३.१४ ते ३.४६ एवढी सूट ठरलेली आहे. भार का लावायचा, हे जरा सविस्तर सांगण्याजोगे आहे. जुन्या आणि स्वस्त युनिटमध्ये ५ आणि १२ व्होल्टची वेटोळी एकाच ट्रान्सफॉर्मरवर असतात आणि नियंत्रण करणारी चिप दोघांचा मिळून एकत्रित अंदाज घेते. एकाच शेगडीवर दोन भांडी ठेवून, दोन्हींकडे एकदम बघून, एकच आच कमी-जास्त करण्यासारखे ते आहे. तुम्ही फक्त १२ व्होल्टवर मोठा भार टाकला आणि ५ व्होल्ट रिकामे ठेवले, तर १२ खाली बसतात आणि ५ वर चढतात, तरीही चिपला एकूण हिशेब बरोबरच दिसतो. संगणकात दोन्ही ओळींवर कायम भार असल्याने हे कधी जाणवत नाही. आपल्या टेबलावर मात्र ५ व्होल्टच्या ओळीवर कायमचा छोटा भार ठेवावा लागतो. १० ओहम, १० वॅटचा पांढरा चौकोनी सिमेंट रेझिस्टर लाल आणि काळ्या वायरीत जोडला की अर्धा अँपिअर वाहतो आणि २.५ वॅट उष्णता निघते; तसे दोन समांतर लावले की १ अँपिअर. २.५ वॅट ऐकायला कमी वाटतात, पण तो रेझिस्टर हाताला चांगलाच चटका देतो, म्हणून तो प्लास्टिकपासून दूर आणि पंख्याच्या वाऱ्यात ठेवावा. पुढच्या काळातल्या चांगल्या युनिटमध्ये आधी फक्त १२ व्होल्ट बनवून त्यातून ५ आणि ३.३ वेगळे काढतात. त्यांना या रेझिस्टरची गरज सहसा पडत नाही. आपले युनिट कोणत्या जातीचे आहे हे १२ व्होल्टवर भार टाकून ५ व्होल्टचा आकडा हलतो का ते पाहिले की कळते.

आता ती बाहेरून घालायची मर्यादा. प्रत्येक टर्मिनलच्या आधी काचेचा फ्यूज बसवावा: नेहमीच्या प्रयोगांसाठी २ अँपिअर, मोटर किंवा दिव्यांसाठी गरजेप्रमाणे ५. मात्र फ्यूज नेमके कोणाला वाचवतो हे समजून घ्यावे. तो तापून वितळायला वेळ लागतो, तेवढ्यात ट्रान्झिस्टर कधीच जळून गेलेला असतो. फ्यूज वायरीला आणि घराला वाचवतो, पार्टला नाही. नाजूक सर्किटसाठी १२ व्होल्टच्या ओळीपुढे व्होल्टेज आणि करंट दोन्ही ठरवता येणारे बक कन्व्हर्टर, म्हणजे व्होल्टेज उतरवणारे, मॉड्यूल लावावे. त्यावर दोन छोटे स्क्रू असतात. एकाने व्होल्टेज ठरते, दुसऱ्याने करंटची मर्यादा. दुकानात ‘सीसी-सीव्ही मॉड्यूल’ (स्थिर करंट, स्थिर व्होल्टेज) म्हटले की समजते. फक्त एकच स्क्रू असलेले स्वस्त मॉड्यूल व्होल्टेज बदलते, करंट रोखत नाही; ते घेऊन आपण सुरक्षित झालो असे मानणारे बरेच भेटतात. मर्यादा ३०० मिलिअँपिअरवर ठेवून नवे सर्किट पहिल्यांदा जोडण्याची सवय लागली की बाजारातल्या फेऱ्या कमी होतात.

वापर म्हणाल तर या डब्याला शोभणारी कामे म्हणजे ज्यांना १२ किंवा ५ व्होल्टवर भरपूर करंट लागतो ती. घरच्या गणपतीच्या मखराला लावायच्या एलईडी पट्ट्या हे उत्तम उदाहरण आहे. मीटरला ६० मोठे एलईडी असलेली १२ व्होल्टची ५ मीटर पट्टी पूर्ण उजेडात साधारण ७२ वॅट, म्हणजे ६ अँपिअर घेते, आणि जुन्या एसएमपीएसला ते सहज पेलते. चूक होते ती वायरीत. अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीने ६ अँपिअर ५ मीटर दूर न्यायचे तर जाऊन-येऊन १० मीटरमध्ये सुमारे २ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. पट्टी मंद दिसते आणि वायर कोमट होते. जाड वायर वापरावी किंवा एसएमपीएस मखराच्या मागेच ठेवावा, पडद्याच्या कापडाने त्याच्या जाळ्या झाकल्या जाणार नाहीत एवढे पाहून. एवढा करंट एकाच पिवळ्या वायरीतून न खेचता दोन-तीन पिवळ्या आणि तितक्याच काळ्या एकत्र करून घ्याव्यात. आर्डुइनोसारख्या प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या बोर्डाला १२ व्होल्ट दिले तरी चालते, पण उरलेले ७ व्होल्ट त्यावरचा रेग्युलेटर उष्णता म्हणून उधळतो. त्यापेक्षा लाल वायरीचे ५ व्होल्ट थेट त्याच्या ५ व्होल्टच्या पिनला द्यावेत, तेही टोके दोनदा तपासून, कारण त्या वाटेवर बोर्डाचे स्वतःचे संरक्षण नसते. मोटर किंवा रिले ट्रान्झिस्टरने चालवत असाल तर त्याच्या दोन टोकांवर उलटा डायोड हवाच.

लाल आणि पिवळी यांच्यात ७ व्होल्ट मिळतात, ही युक्ती पंखे हळू फिरवण्यासाठी पुष्कळ जण वापरतात. पंख्यापुरती ती चालते. पण त्या जोडणीत परतणारा करंट ५ व्होल्टच्या ओळीत उलटा शिरतो, आणि ती ओळ करंट द्यायला बनवलेली आहे, घ्यायला नाही. तिच्यावर आधीच पुरेसा भार नसेल तर ५ व्होल्ट वर ढकलले जातात. १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी या डब्यावर चार्ज करण्याचा मोह तर टाळावाच, कारण तिला साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट लागतात, आणि एसएमपीएस बंद झाल्यावर तीच त्याच्या आत उलटा करंट ढकलू लागते.

आणि जर तुमच्या प्रकल्पाला ५ व्होल्टवर जेमतेम १ अँपिअर लागत असेल, तर खणात पडलेला मोबाइलचा चांगला चार्जर या सगळ्यापेक्षा सरस आहे. त्याला पंखा नाही, त्याला कायमचा भार लागत नाही, आणि १० वॅटच्या कामासाठी ४०० वॅटचा डबा घोंगावत ठेवल्याने जी वीज वाया जाते तीही वाचते. एसएमपीएस टेबलावर हवा असतो तो चार्जरने हात टेकल्यावर.